आरशावरची काळी पट्टी

नंदू गेला त्या सकाळी मी डोंबिवलीत आमच्या गल्लीतल्या गिरणीत दळण घेऊन गेलेलो. शैलावहिनींचा फोन आला. गिरणीच्या घरघरीत मला अक्षर ऐकू येईना, म्हणून "थांबा वहिनी, बाहेर येतो, बाहेर येतो" असं ओरडत मी रस्त्यावर आलो, आणि तोवर त्यांचं सांगून झालेलं होतं. त्यांना ते परत सांगावं लागलं. नवरा गेल्याचं एखाद्या बाईला दोनदा बोलायला लावायचं, हे माझ्यासारख्यालाच जमतं. "पहाटे गेले हो... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. मी पिठाचा डबा तिथेच विसरून घरी आलो, बूट घातले, ते परत काढले, आणि बाहेरच्या खोलीत जुनं हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिलो. जावई गाडी घेऊन येतो म्हणत होते. पण मला सारखं वाटत होतं, नंदूकडे जायचं तर मोटारसायकलवरूनच जायला हवं. आणि मोटारसायकल तर मी सात वर्षांपूर्वीच विकून टाकलेली.

त्याला आता दोन महिने होत आले. मधे, नंदू ज्यांच्या शर्यतींचे फोटो काढायचा त्या सायकलवाल्यांनी ठाण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. आठ जण बोलले. नंदूने कधी कुणाला नाही म्हटलं नाही, शर्यतीत पडलेल्या माणसाचा फोटो कधी विकला नाही, आणि नंदू कधी खोटं बोलला नाही, हे सगळ्यांनी फिरवून फिरवून सांगितलं. मी दुसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या चपला बघत होतो. मला बोलायचा आग्रह झाला, तुम्ही बारा वर्षं त्यांची गाडी चालवलीत म्हणून. घसा बसलाय म्हणालो. घसा ठणठणीत होता. पेपरची ही पुरवणी बघणारे गृहस्थ तिथे होते, ते म्हणाले, बोलवत नसेल तर लिहून द्या. तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. पहिले दोन कागद वाचले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ठाण्यात कुणी संतच राहत होता. नंदू एकदा खोटं बोलला. ते माझ्यासाठी बोलला, मी बोलायला लावलं म्हणून बोलला, आणि त्याचं भोगलं तिसऱ्याच माणसाने. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी पुन्हा गोड गोड आठवणींत शिरेन आणि तेवढं सांगायचं राहून जाईल.

टेंभी नाक्याजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढा. आठवड्याचे सहा दिवस तो पासपोर्टचे फोटो काढायचा. "हनुवटी खाली, डोळे उघडे, आता श्वास घ्या," हे त्याच्या तोंडून इतक्या वेळा निघालेलं की घरी वहिनींनाही तो तसंच बोलायचा. रविवारी मात्र वेगळाच माणूस. तरुणपणी तो स्वतः सायकलच्या शर्यतींत उतरला होता. तीन शर्यती, तिन्हीत शेवटून दुसरा. "सगळ्यांच्या पाठी बघून कंटाळलो रे, म्हटलं एकदा तोंडं बघू," असं कॅमेऱ्याकडे वळण्याचं कारण तो सांगायचा. आमची ओळख झाली ती मी कोलशेतला ज्या कारखान्यात फिटर होतो तिथे. कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला तो आलेला. माझा फोटो काढून झाल्यावर त्याने बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "हळू चालवता येते का?" गाडी किती पळते हे सगळेच विचारतात. हळूचं विचारणारा हा पहिलाच. संध्याकाळी खाडीकडच्या रस्त्यावर तो माझ्या मागे उलटा बसला, हातात चहाचा भरलेला ग्लास घेऊन, आणि मला एक किलोमीटर न्यायला सांगितलं. चहा सांडला नाही. "रविवारी पहाटे ये," म्हणाला. असा मी लागलो त्याच्या नादाला.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचे फोटो कसे काढतात हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. सायकलवाले चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने घोळका करून येत असतात. त्यांच्या पुढे एक मोटारसायकल असते, आणि फोटोवाला मागे तोंड करून बसलेला असतो. म्हणजे मी पुढे बघणार, नंदू मागे बघणार, आणि आमची पाठीला पाठ. तो पडू नये म्हणून त्याने नाक्यावरच्या पिशव्या शिवणाऱ्याकडून कॅनव्हासचा एक रुंद पट्टा शिवून घेतलेला. तो दोघांच्या कमरेभोवती एकत्र बांधायचा आणि त्याचं बक्कल माझ्या पोटावर यायचं. बारा वर्षं या माणसाची पाठ मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची होती. कुणी जोरात सुटलं की त्याचा श्वास अडकायचा, तो मला पाठीत कळायचा. बोलायची सोय नव्हतीच, वाऱ्यात काही ऐकू येत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या. कोपर एकदा लागलं की हळू, दोनदा लागलं की वेग वाढव. आणि हात मागे आणून त्याने माझ्या डाव्या कमरेवर पंजा सपाट टेकवला की बाजूला हो, त्यांना जाऊ दे. ती खूण आली की विचार करायचा नाही, हा त्याचा एकमेव नियम. "तुला दिसत नसतं, मला दिसत असतं," म्हणायचा.

दुसरी एक गोष्ट तो शर्यतीआधी न चुकता करायचा. गाडीच्या आरशांवर काळी चिकटपट्टी लावायचा. स्टुडिओतली, जाड. गाडीवाल्याने मागे बघितलं की संपलं, असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं. पण त्यामुळे झालं असं, की बारा वर्षं मी प्रत्येक शर्यतीच्या सगळ्यात पुढे होतो आणि एकही शर्यत मी पाहिली नाही. मला आवाज यायचा. मागून साखळ्यांचा, चाकांचा, मधेच कुणीतरी कुणाला शिवी घातल्याचा. रस्त्याच्या कडेचे लोक माझ्या मागे कुठेतरी बघत नाचायचे. सोमवारी नंदूच्या स्टुडिओत फोटो बघितले की मला कळायचं काल काय झालं. तो हसायचा, "वरातीतला घोडा आहेस तू सुध्या, सगळ्यात पुढे आणि नवरा दिसत नाही." मीही हसायचो. पण आत कुठेतरी ते खुपत होतं. ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

नंदूची आणखी एक सवय सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. तो फोटो पुसायचा नाही. एकही. हललेले, डोळे मिटलेले, अर्धं चाक आलेले, सगळे ठेवायचा. मी म्हणायचो, अरे कचरा आहे हा, टाक. "वाईट आला म्हणून तसं झालंच नाही, असं नसतं रे," म्हणायचा. आणि शर्यत संपली तरी शेवटचा सायकलवाला येईपर्यंत हलायचा नाही. पहिले आलेले आंघोळी करून घरी जायचे आणि आम्ही अजून उन्हात उभे, कुणा पोट सुटलेल्या बँकवाल्याची वाट बघत. त्याचाही फोटो निघायचा आणि कागदावर छापून त्याला पोचायचा.

आता रोहिदास. कोलशेतच्या कोळीवाड्यातला. बाप खाडीत होडी घालायचा, मासळी कमी झाली तरी घालायचा. रोहिदास सव्वीस वर्षांचा होता तेव्हा, आणि नंदू त्याच्यावर खूश होता. "बाकीच्यांच्या मांड्या बघायच्या, याचं तोंड बघायचं," म्हणायचा. रोहिदासला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागायची होती. आदल्या वर्षी तो राज्यात तिसरा आलेला. अजून एक नंबर आणि कागदपत्रं पूर्ण, असं होतं, आणि वय संपत चाललेलं. डिसेंबरातली घोडबंदर रोडवरची शर्यत ही त्याची तशी शेवटचीच संधी. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या पहाटे नंदूने नेहमीसारखी पट्टी लावली. तो चहा घ्यायला टपरीकडे वळला आणि मी अंगठ्याच्या नखाने उजव्या आरशावरच्या पट्टीचा कोपरा उचलून मागे दुमडला. दोन बोटं जागा. मनात म्हटलं, एकदा बघू. शेवटचे दोन किलोमीटर फक्त बघू, रोहिदास कसा सुटतो ते. बारा वर्षांनी एवढं बघितलं तर काय आभाळ कोसळणार आहे... तिसरी फेरी आली तेव्हा सात वाजत आलेले. डिसेंबरात सातलाही धड उजेड नसतो, आणि त्या रस्त्यावर तर मेट्रोच्या कामाची धूळ असायची. उड्डाणपुलाच्या उतारावर मागून आवाज वाढला. मी आरशात बघितलं. आणि खरं सांगतो, ते फार देखणं होतं. रोहिदास पुढे, हँडलवर आडवा झालेला, त्याच्या मागच्या चाकाला चिकटून आमच्या डोंबिवलीचाच अमेय, आणि मागे पंधरा-वीस जण. रोहिदासचे दात दिसत होते. नंदूचा पंजा माझ्या कमरेवर टेकला, सपाट. बाजूला हो. मला ते कळलं. मी म्हटलं, होतो, एक क्षण... आणि अजून एक क्षण बघितलं. समोर नजर आणली तेव्हा मेट्रोच्या कामाचा पत्रा रस्त्यात आलेला होता आणि वळण लागलं होतं. मी ब्रेक मारला.

मागचा आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. गाडी थांबवली. नंदू ओरडत होता, "सोड, सुध्या, सोड मला, सोड." त्याला उतरून धावायचं होतं आणि बक्कल माझ्या पोटावर. मी ते उलटं ओढत होतो, ते निघेना. किती वेळ गेला मला माहीत नाही. तो माझ्या पाठीला बांधलेला, मागे तोंड करून सगळं बघत होता, आणि मी पुढे बघत बक्कलाशी झटत होतो. शेवटी निघालं. तो पळाला. मी आधी काय केलं असेल? अंगठ्याने आरशावरची पट्टी परत दाबून चिकटवली.

बहुतेकांचं खरचटण्यावर भागलं. रोहिदासचं कोपर फुटलं. अमेय रोहिदासच्या चाकावर आपटून पत्र्यावर गेला, त्याचं कंबरेचं हाड मोडलं आणि तो दोन दिवस शुद्धीवर नव्हता. सगळे म्हणत होते, रोहिदासने उतारावर उगाच ब्रेक दाबला, अमेयला पुढे येऊ द्यायचं नव्हतं म्हणून. संध्याकाळी मी स्टुडिओत गेलो. नंदूने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. चौदा फोटो होते, पापणी लवते न लवते तोच निघालेले. पहिल्या सहांत रोहिदास सारख्याच अंतरावर. सातव्यात त्याच्या पुढच्या चाकावर आणि मुठीवर लाल उजेड पडलेला. माझ्या ब्रेकच्या दिव्याचा. आठव्यात, नवव्यात तो मोठा मोठा होत जातो, तोंड उघडं, डोळे अमेयकडे नाहीत, आमच्या गाडीकडे. दहाव्यापासून माणसं आडवी.

"मी हात टेकवला होता," नंदू म्हणाला.

"हो."

"मग?"

मी आरशाचं सांगितलं नाही. म्हटलं, नाही कळलं. नंदूने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्याला तेव्हाच सगळं समजलं. पट्टी त्यानेच लावली होती, कोपरा परत चिकटवलेला त्याला दिसला नसेल असं होणार नाही. मी म्हटलं, "नंदू, पोलिसात जाईल हे. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय." तो म्हणाला, "आणि त्याची नोकरी?" मी म्हणालो, "तो तरणा आहे, त्याला दुसरी मिळेल." हे वाक्य मी बोललोय. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला ते नाकारता येणार नाही.

सायकल संघटनेच्या चौकशीला तीन जण टेबलापलीकडे बसले. रोहिदास हात गळ्यात बांधून आलेला. त्याने सरळ सांगितलं, पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मना लाल दिवा दिसला. मला विचारलं. मी म्हटलं, नाही, गाडी वेगातच होती. माझ्या शब्दाला तशी कुणी किंमत दिली नसती. पण मग त्यांनी नंदूला विचारलं, तुमचे फोटो काय सांगतात? आणि नंदू म्हणाला, "कार्ड भरलं होतं. बदलत होतो." खाली बघून नाही, समोर बघून. झालं. नंदू म्हणतो म्हटल्यावर कोण शंका घेणार. रोहिदासवर दोन वर्षांची बंदी आली. दोन वर्षांनी त्याचं वय उलटून गेलेलं. माझ्या मुलीचं लग्न व्यवस्थित पार पडलं. फोटो नंदूनेच काढले. अल्बममध्ये बाबा एकाही फोटोत हसत नाहीत, अशी तिची अजून तक्रार असते.

त्यानंतर नंदू माझ्या मागे कधी बसला नाही. भांडण नाही, अबोला नाही. "पाठ धरते रे आता," एवढंच म्हणाला, आणि शर्यत संपते तिथे एका स्टुलावर बसून फोटो काढू लागला. मी गाडी विकली. रविवारचा चहा मात्र सुटला नाही. सात वर्षं आम्ही स्टुडिओजवळच्या टपरीवर बसून शुगर, जावई, स्टुडिओसमोरचं खोदकाम, सगळं बोललो. ते सोडून सगळं. अमेय आमच्यापासून दोन बिल्डिंगी सोडून राहतो. एक पाय आखूड राहिलाय त्याचा, काठी घेऊन चालतो. रोज सकाळी दूध आणताना भेटतो आणि म्हणतो, "काका, बरे ना?" मी म्हणतो, बरा आहे. बरा आहे म्हणे.

नंदूच्या लिव्हरने दगा दिला, आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाच्या. शेवटचा भेटलो तेव्हा तो हॉस्पिटलच्या पलंगावर उशीइतकाच उरला होता. सिस्टर म्हणाल्या, जरा बसतं करा त्यांना. मी वाकलो, त्याच्या काखेत हात घातले आणि उचललं. तेव्हा त्याचा हात वर आला आणि माझ्या डाव्या कमरेवर टेकला. पंजा सपाट. तसाच ठेवला त्याने. आधाराला धरायचा तर माणूस खांदा धरतो, मान धरतो. मी म्हटलं, "बरं बरं, पड आता." त्याने हात काढला आणि खिडकीकडे तोंड केलं. मला ते कळलं होतं. दोन्ही वेळा कळलं होतं.

दिवस-कार्य आटपल्यावर वहिनींनी मला एक पिशवी दिली. आत तो कॅनव्हासचा पट्टा, गुंडाळी करून, आणि स्टुडिओचं पिवळं पाकीट, डिंकाने चिकटवलेलं. वर नंदूच्या अक्षरात एकच नाव, रोहिदास. वहिनी म्हणाल्या, "सुधीर पोचवेल, असं म्हणाले होते." मी विचारलं, तुम्ही उघडलं का? "दुसऱ्याच्या नावाचं मी कशाला उघडू?" म्हणाल्या. मी उघडलं. चौदाच्या चौदा, मागे पेन्सिलीने आकडे घातलेले. कागद कडेला पिवळे पडायला लागलेले, म्हणजे त्याने तेव्हाच छापून ठेवले होते. सात वर्षं ते त्याच्या टेबलाच्या खणात होते, आणि मी दर रविवारी त्या टेबलाला टेकून त्याला चहाला बोलवत होतो. पाकीट तीन आठवडे माझ्या कपाटात राहिलं. एकदा तर मी ते घेऊन गॅससमोर उभा राहिलो, पेटवलाही. एवढं सांगतोय तर हेही सांगतो.

गेल्या सोमवारी कोलशेतला गेलो. रोहिदास आता पाण्याचा टँकर चालवतो, घोडबंदर रोडच्या त्या तीस-तीस मजली इमारतींना पाणी घालतो. अंगणात त्याचा बाप जाळं शिवत बसलेला. मी काका म्हणून हाक मारली, त्याने मान वर केली नाही. रोहिदासने आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर घरच्यांचा फोटो होता, चांगल्या चौकटीत. मी ओळखला. नंदूचं काम लपत नाही.

"नंदूकाका दर नारळी पुनवेला यायचे," रोहिदास म्हणाला. "सगल्यांचा फोटो काढून द्यायचे. कंदी पैसे घेतले नाय. मना वाटायचं, मानूस किती मोठा हाय."

मला हे माहीत नव्हतं. सात वर्षांत नंदूने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तेव्हा वाटलं, उठावं, पाकीट परत न्यावं. माझं जे व्हायचं ते होवो, पण निदान एका घरात तरी नंदू मोठा माणूस राहील. पण पाकिटावर नाव त्यानेच घातलं होतं. मी ते दिलं, आणि आरशाचंही सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी.

रोहिदासने फोटो एकेक करून पलंगावर मांडले. सातव्यावर बोट ठेवलं. मला वाटलं शिव्या घालेल. घालाव्या असं वाटत होतं.

"हा दिवा मी तवाच बघितला," म्हणाला. "मी बोल्लो पन. कोनी आयकलं नाय. मग नंदूकाका बोल्ले कार्ड भरला होता. तवा मना पन वाटाया लागलं, मनाच चुकीचं दिसलं असंल... सात वरसं काका, मना माझ्या डोल्यांवर इस्वास नव्हता."

तो उठला. भिंतीवरची चौकट काढली, कापडाने पुसली आणि माझ्या हातात दिली. "हा घेऊन जावा." मी म्हटलं, अरे, तुझी मुलं आहेत यात. "घेऊन जावा," म्हणाला. मग अंगणाकडे बघून हळूच बोलला, "बाप अजून मनतो, तू मानूस पाडलास. माझं तो आयकनार नाय. तुमी पेपरात लिवा. त्याला वाचाया येत नाय, पन मी वाचून दाखवीन. पेपरातलं तो मानतो."

म्हणून हा लेख. तुमच्यापैकी कुणी रोहिदासला त्या शर्यतीवरून नावं ठेवली असतील, तर ती मागे घ्या आणि माझ्याकडे पाठवा. रोहिदासने कुणाला पाडलं नाही. काका, तुमच्या मुलाने कुणाला पाडलं नाही. ब्रेक मी मारला. अमेयला काल सांगितलं. तो काठी टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी सात वर्षं रोहिदासशी बोललो नाही, काका." आज दूध आणताना भेटला, बरे ना विचारलं नाही.

ती चौकट माझ्या टेबलावर आहे. पुढे मुलं, मधे खुर्चीवर बाप, मागे रोहिदास, आणि बाप-लेकांत वीतभर जागा. जवळ या, जवळ या, खांद्यावर हात ठेवा, असं टेंभी नाक्यावर दिवसभर लोकांना सांगणाऱ्या नंदूने या दोघांना काही सांगितलेलं नाही. त्याला ते तोंड नव्हतं. चौकटीशेजारी तो पट्टा पडलाय. बक्कल गंजलंय. काल संध्याकाळी मी तो कमरेला लावून बघितला, दोन माणसांचा असल्यामुळे मागे ढिला लोंबत राहिला. प्रत्येक शर्यतीनंतर नंदू पाठीमागून एकच म्हणायचा, "सोड रे सुध्या." त्याच्या हातात नव्हतंच ते कधी. बक्कल माझ्या पोटावर असायचं. दोन्ही अंगठे लावून दाबलं तेव्हा कुठे ते निघालं.